ट्रॅक डेसाठी गाडी: ६० हजारांत आधी काय? (ठाणे ते चेन्नई, त्याच गाडीने परत)

कासारवडवली
नमस्कार मंडळी. गाडी पोलो १.० टीएसआय, २०२० ची, ६-स्पीड मॅन्युअल, ४१ हजार किमी. कंपनीतून आली तशीच आहे, काही बदल नाही. जानेवारीत इरुंगट्टुकोट्टईला, म्हणजे मद्रास इंटरनॅशनल सर्किटला ट्रॅक डे (शर्यत न लावता आपली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस) करायचं ठरतंय. ट्रेलर परवडणार नाही. घोडबंदरहून गाडी चालवत न्यायची, ट्रॅकवर चालवायची, त्याच गाडीने घरी यायचं आणि सोमवारी ऑफिस.

बजेट ६० हजार, प्रवासखर्च वेगळा. त्यात रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) आणि एअर फिल्टर करू की ब्रेक आणि टायर? भोकं पाडलेल्या डिस्क घ्याव्यात का? आणि काम कुठल्या क्रमाने करावं? जाणकारांनी कृपया तपशिलात सांगा.

वागळे_२२
ब्रेक ऑइल, पॅड, टायर. पैसे उरले तर अलाइनमेंट. रीमॅप पुढच्या वर्षी.

घणसोली_टर्बो
इतकं सरसकट नको. ११० पीएसची गाडी आहे, सरळ पट्ट्यावर सगळे पुढे निघून जातील. स्टेज १ रीमॅपला एकही पार्ट लागत नाही, लॅपटॉप लावला की काम झालं. ब्रेक कंपनीचे आहेत आणि एक्सप्रेसवेवर त्यांची काही तक्रार नसते.

पाना_दहाचा
घणसोली_टर्बो, एक्सप्रेसवेवर तक्रार नसते, कारण तिथे पाच-दहा मिनिटांतून एकदा जोरात ब्रेक लागतो. ट्रॅकवर दोन मिनिटांच्या लॅपमध्ये चार-पाच वेळा लागतो आणि तेच पंधरा मिनिटं चालू राहतं.

हिशोब करून बघा. चालकासकट गाडी ११५० किलो धरू. १५० च्या वेगावरून ६० वर आणताना सुमारे ८४० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. तेवढ्या उष्णतेत ३० अंशांचं पावणेतीन लिटर पाणी उकळीला येतं. हे एका ब्रेकिंगचं झालं. पुढच्या दोन चाकांच्या वाट्याला त्यातला मोठा भाग येतो, कारण वजन पुढे झुकतं आणि पोलोला मागे ड्रम आहेत. पातेलंभर पाण्याऐवजी दोन डिस्क, चार पॅड आणि कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं) थोडं ऑइल ती उष्णता घेतं, आणि गार व्हायला मधे अर्धं मिनिटही मिळत नाही.

रीमॅपने सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग वाढेल, म्हणजे हाच आकडा आणखी फुगेल. म्हणून आधी थांबण्याची सोय करायची.

ऐरोलीकर
पावणेतीन लिटर पाणी! आता डोळ्यांसमोर आलं. +१

कासारवडवली
पाना_दहाचा, धन्यवाद. रीमॅप बाद. ब्रेक ऑइल डॉट ४ च घालायचं ना? सर्व्हिस सेंटरने दीड वर्षापूर्वी बदललंय.

पाना_दहाचा
दीड वर्ष, तेही ठाण्याच्या हवेत, म्हणजे ते काढायचंच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आपल्याकडे चार महिने पावसाळा, वर शेजारी खाडी. आकडे असे आहेत: ताज्या डॉट ४ ने किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे. साधारण ३.७ टक्के पाणी शिरलं की तोच निकष १५५ वर येतो. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८०. रेसिंगचं डॉट ४ मिळतं, उदाहरणार्थ मोतुल आरबीएफ ६००, ते नवं असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं.

तुमच्यासाठी रेसिंगचं डॉट ४. ५०० मिलीच्या दोन बाटल्या घ्या. पूर्ण बदलायला एक बाटली पुरते. दुसरी सीलबंद सोबत न्यायची, ट्रॅकवर पेडल मऊ झालं तर पुढच्या दोन कॅलिपरचं ऑइल तिथेच बदलता येतं. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवायची नाही. नुसत्या ‘डॉट ५’ला मात्र हात लावू नका. ते सिलिकॉनचं असतं आणि आपल्या गाड्यांत चालत नाही. नावात फक्त ‘.१’ चा फरक आहे, दुकानात गफलत होते.

सीवूड्स_स्विफ्ट
ऑइल बदलण्याची कृती कोणी पायरीपायरीने सांगेल का? इथे प्रत्येक गॅरेजची पद्धत निराळी.

वागळे_२२
घ्या.

गाडी सपाट जागी जॅक स्टँडवर, चारही चाकं काढलेली. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं जुनं ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून घ्या आणि नवं भरा, नाहीतर जुनं काळं ऑइल सगळ्या पाइपांतून फिरवत बसाल. निपलवर (चाकाशी असलेला, ऑइल बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू) रिंग पाना आधी चढवा, मग पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं.

एक जण पेडलवर. सावकाश दाबायचं, पाऊण अंतरापर्यंतच. जुन्या गाडीत पेडल थेट तळाला नेलं तर मास्टर सिलिंडरचं रबर आजवर कधी न घासलेल्या गंजक्या भागावर जातं आणि फाटू शकतं. ‘दाब’ म्हटलं की दाबून धरायचं, निपल पाव फेरा उघडायचा, ऑइल येऊ द्यायचं, निपल बंद करायचा, मगच ‘सोड’ म्हणायचं. क्रम उलटला की हवा आत.

नळीकडे बघत राहा. आधी कोऱ्या चहासारखं काळपट येतं, मधे सोड्यासारखे बारीक बुडबुडे दिसतात, मग मधासारखं स्वच्छ. स्वच्छ आल्यावरही प्रत्येक चाकाला पाच-सहा वेळा करा. दर आठ-दहा दाबांनंतर टाकीतली पातळी बघा. टाकी एकदा रिकामी झाली की एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरते आणि ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही.

रंगावर ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. रंग उचलून नेतं ते.

ऐरोलीकर
एक भर. कुठल्या चाकापासून सुरुवात, यावर व्हिडिओंमध्ये ‘मागचं उजवं’ असं ठोकून सांगतात. ते डावीकडे स्टिअरिंग असलेल्या देशांतले आहेत. ‘सगळ्यात लांबचं चाक आधी’ हा नियम धरला तर मास्टर सिलिंडर उजवीकडे असलेल्या आपल्या गाड्यांत सर्वांत लांब पडतं मागचं डावं. शिवाय काही कंपन्यांचा क्रम याहून वेगळा असतो. रिपेअर मॅन्युअलमध्ये दिलाय तोच पाळा.

तुर्भे_एमआयडीसी
निपलबद्दल कोणीच बोललं नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या गाड्यांचे निपल खाऱ्या हवेने जाम झालेले असतात, विशेषतः पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांचे. पाना लावला की षटकोन गोल होतो, जोर केला की निपल कॅलिपरमध्येच तुटतो आणि मग सगळा कॅलिपर बदलायची वेळ येते. उपाय असा: आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी सहा कोनांचाच सॉकेट लावा, बारा कोनांचा नको. आधी हातोडीने निपलच्या डोक्यावर हलक्या दोन-तीन टिचक्या, मग किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. काम झाल्यावर रबरी टोपी परत बसवायची. ती टोपी हरवलेली असते म्हणूनच आत पाणी जातं. चार टोप्या क्षुल्लक किमतीत मिळतात, आजच घेऊन ठेवा.

हे काम निघायच्या आदल्या दिवशी कधीच काढू नका. पंधरा दिवस हाताशी ठेवा.

खाडीकाठ
थोडं अवांतर, पण कळकळीची विनंती. काढलेलं ब्रेक ऑइल आणि इंजिन ऑइल सोसायटीच्या गटारात किंवा नाल्यात ओतू नका. आपले नाले खाडीत जातात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आहे आणि ऐरोली ते सीवूड्स पट्ट्यात ते पक्षी त्याच चिखलात चरतात. जुनं इंजिन ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या, जिथून ते अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे जातं. ब्रेक ऑइल त्यात मिसळू नका, वेगळ्या बाटलीत द्या.

वागळे_२२
खाडीकाठ, अगदी मनापासून अनुमोदन. माझ्या प्रतिसादात हे यायलाच हवं होतं.

घणसोली_टर्बो
ब्रेक आधी, मान्य. पॅडचं काय? रेसिंग पॅड टाकले की पामबीच रोडवर रात्री एकला चार-पाच जोरदार ब्रेक मारून सेट करता येतील.

विमावाली
पामबीचवर अजिबात नको. रात्री एकलाही तिथे माणसं रस्ता ओलांडतात, दुचाकी असतात. मागच्याला तुम्ही का थांबताय हे कळणारही नाही.

पाना_दहाचा
विमावालींशी पूर्ण सहमत. पॅड बसवण्याची जागा ट्रॅकच. पहिलं सेशन त्यालाच द्या. पहिला लॅप सावकाश, मग साधारण १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा, दर वेळी थोडा जास्त जोर, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही. थांबून पेडल दाबून धरलं तर गरम पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी छापला जातो, आणि पुढे हजारो किलोमीटर स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली, पण पुष्कळदा ती हा चिकटलेला थर असते. शेवटी एक लॅप ब्रेकला जवळपास न शिवता, आणि गाडी अर्धा तास उभी.

पॅड कुठले? स्वतःच्या चाकांवर जाऊन-येऊन १३०० अधिक १३०० किमी करणाऱ्याने अस्सल रेसिंग पॅड घालून निघू नये. ते गरम झाल्याशिवाय पकडत नाहीत. पहाटे गार असताना साताऱ्याजवळ समोर ट्रॅक्टर आला की थंड पॅडने गाडी लांब जाते. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारा, जास्त तापमान सोसणारा पॅड घ्या. कंपनीचे जुने पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असतील तर फेकू नका, डिकीत टाका. का ते खाली सांगतो.

भोकांच्या डिस्क नकोत. भोकांच्या कडेने केसासारख्या भेगा पडतात आणि त्या एकमेकींना मिळतात. साध्या व्हेंटिलेटेड डिस्क, चांगल्या बनावटीच्या. डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने मोजा, त्या आकड्याच्या जवळ आली असेल तर बदला. पातळ डिस्क लवकर तापते.

सीवूड्स_स्विफ्ट
पेडल बिघडलंय की पॅड, हे चालवताना कसं ओळखायचं?

पाना_दहाचा
पायाला कळतं. पेडल घट्ट आहे, जोर लावताय, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय: पॅड तापलेत. पेडल मऊ, खाली जातंय, दोनदा पंप केल्यावर वर येतंय: ऑइल उकळलंय, पाइपात वाफ झालीय. पहिल्यात एक-दोन लॅप हळू चालवून पॅड बऱ्याचदा सावरतात. दुसऱ्यात तो दिवस तिथेच थांबवायचा आणि ऑइल बदलल्याशिवाय पुन्हा बाहेर पडायचं नाही. गार झाल्यावर पेडल परत घट्ट लागतं म्हणून लोक फसतात. उकळलेलं ऑइल पुढच्या वेळी आणखी लवकर उकळतं.

ऐरोलीकर
टायरवर या आता. नायट्रोजन भरावा का?

तुर्भे_एमआयडीसी
नायट्रोजनने दाब वाढायचा थांबत नाही, तोही तापल्यावर फुगतोच. त्रास ओलाव्याचा असतो. पंपावरच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साचलेलं असतं, ती हवा भरली की गरम झाल्यावर दाब वेडावाकडा चढतो. कोरडी हवा मिळाली तर साधी हवा चांगली. त्यापेक्षा स्वतःचा चांगला गेज घ्या आणि दर वेळी तोच वापरा. दोन पंपांच्या गेजमध्ये २-३ पीएसआयचा फरक सहज निघतो.

आधी टायरचं वय बघा. कडेवर ‘DOT’ने सुरू होणाऱ्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात (ब्रेक ऑइलच्या डॉटशी याचा संबंध नाही). ३१२० म्हणजे २०२० चा ३१ वा आठवडा. गाडीबरोबर आलेले टायर असतील तर नक्षी कितीही दिसो, रबर कडक झालंय. बजेटचा मोठा हिस्सा इथे जाऊ द्या. चारही एकसारखे.

दाब असा धरा. सकाळी थंड टायरमध्ये चारही ३० पीएसआय. सेशनमधून आल्या आल्या, गाडी थांबताच मोजा. ३७-३८ दिसेल. तो सोडून ३४-३५ वर आणा. पुढे दर सेशननंतर तेच. किती सोडायचं ते टायरच सांगतो: बुटाचं पांढरं पॉलिश घ्या आणि प्रत्येक टायरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून कड सुरू होते तिथे, तीन ठिकाणी बोटभर रुंद पट्टा ओढा. सेशननंतर पट्टा नक्षीच्या कडेपर्यंतच पुसला गेला असेल तर दाब बरोबर. पार खाली कडेच्या अक्षरांपर्यंत पुसला गेला असेल तर टायर लोळतोय, २ पीएसआय वाढवा. खांद्यावरचाही पट्टा शाबूत असेल तर कमी करा.

आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून डावे टायर जास्त तापतात. चारही चाकांचा दाब वेगवेगळा लिहून ठेवा, सरासरी काढू नका.

सीवूड्स_स्विफ्ट
बाहेरचा खांदा झिजतो त्यावर कॅम्बर बोल्ट (चाकाचा उभा कल बदलणारे) चालतील का? माझी स्विफ्ट आहे, पण पोलोवाल्यांनाही उपयोग होईल.

तुर्भे_एमआयडीसी
स्विफ्टला चालतात. तिथे शॉकअप नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो, त्यातला एक बोल्ट बदलून साधारण उणे एक ते दीड अंश मिळतो. पोलोत शॉकअप नकलमध्ये क्लॅम्पने पकडलेला असतो, तिथे हा उपाय लागू नाही. पोलोवाल्यांनी फक्त टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) कंपनीच्या हद्दीत, शून्याच्या जवळ ठेवून घ्यावा. कॅम्बर बदलला की टो बदलतो, त्यामुळे बोल्ट टाकून अलाइनमेंट न करता निघू नका.

घणसोली_टर्बो
अलाइनमेंटच्या आधी खालचा भाग तपासा, हे मी सांगतो. घोडबंदरवर रोज चालणारी गाडी आहे. खड्ड्यांनी लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट सैल झाले असतील तर अलाइनमेंट दोन दिवसही टिकणार नाही. चाक हवेत घ्या. घड्याळात १२ आणि ६ असतात तिथे धरून हलवा: खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगून परत हलवा, खेळ गेला तर बेअरिंग. ९ आणि ३ ला धरून हलवलं आणि खट्ट वाजलं तर टाय रॉड एंड. चाक हाताने फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवा, बेअरिंगची घरघर कानाआधी हाताला कळते. एक्सलच्या रबरी बूटच्या घड्या बोटाने उघडून बघा, फाटलेला असेल तर ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. आणि रिम आतून बघा, वाकलेली रिम बाहेरून कळत नाही.

वागळे_२२
उत्तम प्रतिसाद. पुढचं: चाकांचे बोल्ट. पंक्चरवाल्याच्या एअर गनने आवळलेली चाकं घेऊन ट्रॅकवर जायचं नाही. काही बोल्ट अतोनात घट्ट, काही सैल. टॉर्क रेंच घ्या, पोलोला १२० न्यूटन मीटर, बाकीच्यांनी आपापलं मॅन्युअल बघा. तारेसारख्या क्रमाने, दोन टप्प्यांत. पहिल्या सेशननंतर चाक हाताला सोसेल इतकं गार झालं की परत तपासा. बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. काम झाल्यावर रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

कासारवडवली
हे सगळं लिहून घेतोय. इंजिनला काहीच नको का? टर्बो आहे आणि चेन्नईचं ऊन.

पाना_दहाचा
इंजिनला ताजं ऑइल, मॅन्युअलमधल्या स्पेसिफिकेशन नंबरचंच. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला टेकलेली, त्याच्या वर नको. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. खुणेच्या वर भरलं तर क्रँक ऑइल घुसळतो आणि फेस होतो. दर दोन सेशननंतर डिपस्टिक बघायची.

कूलंट त्याच प्रकारचं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये. आरओचं पाणी नको. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, दोघांच्या मधे पिसं, माती, पाचोळा साठतो. साध्या नळाच्या धारेने, इंजिनकडून बाहेर अशा दिशेने धुवा. प्रेशर वॉशरने पातळ पाती आडवी होतात आणि हवा अडते.

गाडीतल्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम ९० वर स्थिर ठेवलेला असतो, कूलंट शंभरी ओलांडेपर्यंत तो हलत नाही. ओबीडीचा (गाडीच्या तपासणी सॉकेटचा) डोंगल लावून मोबाइलवर खरा आकडा बघा, पण पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागेत) किंवा सोबत्याने. एसी बंद. आकडा चढत राहिला तर हीटर पूर्ण गरम, पंखा जोरात, गिअर एक वर आणि शांतपणे आत या. आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. शेवटचा लॅप हळू, मग बॉनेट उघडून मिनिटभर चालू ठेवा.

ऐरोलीकर
पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, हेही लिहा. डिस्क असेल तर पॅड चिकटतो. पोलोसारखा ड्रम असेल तर तो गार होताना आकसतो आणि शूजवर आवळून बसतो. गाडी गिअरमध्ये आणि चाकाला लाकडी ठोकळा. ठोकळा घरूनच न्या.

विमावाली
विम्याचं कोणी विचारलं नाही म्हणून सांगते. आपल्या नेहमीच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ म्हणून एक परिच्छेद असतो. त्यात संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेले असतात. आपण शर्यत लावत नाही, नुसता ट्रॅक डे आहे, असा युक्तिवाद क्लेमच्या वेळी टिकेल असं धरून चालू नका. ट्रॅकवर झालेलं नुकसान स्वतःच्या खिशातून, हे घरी आधीच बोलून घ्या. जाता-येताच्या रस्त्यावर पॉलिसी नेहमीसारखीच लागू असते, म्हणून बदललेला कुठलाही मोठा पार्ट विमा कंपनीला कळवलेला असावा. आयोजकांचा फॉर्म सही करण्याआधी पूर्ण वाचा. हेल्मेट कुठल्या मानकाचं लागेल तेही त्यांना आधी विचारा, दुचाकीचं प्रत्येक ठिकाणी चालत नाही.

सीवूड्स_स्विफ्ट
गाडी रिकामी करण्याबद्दल: ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढा, ती सरकून पेडलखाली जाते. दारातल्या बाटल्या, छत्री, सीटखालची नाणी, सगळं काढा. डॅशबोर्डवरचा बाप्पाही सेशनआधी काढून पिशवीत नीट ठेवा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी उन्हाने सैल होते आणि मूर्ती पडली तर मनाला लागतं. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली नको, वळणात टाकीत एका बाजूला जाऊन इंजिन अडखळतं.

तुर्भे_एमआयडीसी
आणि टो हुक, म्हणजे गाडी ओढायचा हुक! डिकीतल्या टूलकिटमध्ये असतो, बंपरवरची छोटी टोपी काढून बसवायचा. पोलोत त्याचे आटे उलटे आहेत, डावीकडे फिरवल्यावर आवळला जातो. घरी एकदा बसवून बघा. ट्रॅकच्या कडेला वाळूत रुतलेली गाडी ओढायला लोक आले की तेव्हा शिकायला वेळ नसतो.

घणसोली_टर्बो
चेन्नईच का पण? कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आहे.

वागळे_२२
करी सुमारे २.१ किमीचा, आखूड, वेग कमी, पहिल्या वेळेला छान. रेसिंगवाले एस. करिवर्धन यांच्या नावाचा, म्हणून आपल्याकडच्या मोटरस्पोर्टवाल्यांना तो विशेष जवळचा. बुद्ध ५.१२५ किमीचा, किलोमीटरभराचा सरळ पट्टा, तिथे ११० पीएसवाल्याच्या ब्रेकलाही चांगलाच ताण पडतो. मद्रासचा ३.७१७ किमीचा, मधला. शिवाय कळंबोलीपासून थेट ट्रॅकच्या दारापर्यंत एकच एनएच ४८. जानेवारी निवडलात हेही बरं केलंत. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो.

कासारवडवली
मग माझी यादी अशी झाली: चार टायर, पुढचे पॅड, रेसिंगचं डॉट ४ दोन बाटल्या, इंजिन ऑइल, अलाइनमेंट, टॉर्क रेंच, गेज. डिस्क मोजून ठरवतो. उरलेल्यात रीमॅप बसत नाही आणि आता तो नकोही वाटतो.

पाना_दहाचा, जुने पॅड डिकीत का, ते सांगायचं राहिलं.

पाना_दहाचा
बरं झालं आठवण केलीत. या धाग्यात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

ट्रॅकवरून निघताना गाडी सकाळी आली तशी नसते. तीन गोष्टी बदललेल्या असतात.

एक, टायर. गरम असताना तुम्ही ३८ चे ३४ केलेत. तेच टायर रात्री गार झाले की २६-२७ वर येतात. त्यावर माणसं आणि सामान घेऊन हायवेवर १०० ने गेलात तर टायरची कड तापते आणि फाटते. निघायच्या सकाळी, गाडी हलवण्याआधी, गाडीवरच्या टायरच्या दाबाच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरा. पायावर चालणारा पंप सोबत ठेवा.

दोन, पॅड. संध्याकाळी चाक काढून चारही पॅड बघा, बाहेरचाच नको. आतला पुष्कळदा जास्त झिजतो. जाडी पाचरीप्रमाणे एका टोकाला कमी झालीय का, कडा राखेसारख्या पांढऱ्या पडून भुसभुशीत झाल्यात का, आणि कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचं रबर करपलंय का.

तीन, ऑइल. पेडल सकाळपेक्षा जराही खाली गेलं असेल तर दुसरी बाटली तिथेच उघडा.

आता रस्ता आठवा. बेंगळुरू, हुबळी, कोल्हापूर, पुणे, सगळं जवळपास सरळ. हजार-बाराशे किलोमीटर ब्रेक नीट लागल्यासारखे वाटतात, कारण जोर पडलेलाच नसतो. आणि घर तासा-दीड तासावर आलं की खंडाळ्याचा घाट उतरायचा असतो. माणूस दमलेला, गाडी भरलेली, पुढे ट्रक. पातळ पॅड आणि एकदा उकळलेलं ऑइल नेमकं तिथे उघडं पडतं. म्हणून निघण्याआधी पॅड संशयास्पद दिसले तर डिकीतले जुने कंपनीचे पॅड तिथेच बसवायचे. डिस्कवर नव्या पॅडचा थर असेल, त्यामुळे पहिले पन्नास-शंभर किलोमीटर पकड थोडी कमी लागेल, अंतर राखून चालवा. आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, ट्रॅकवरून येताना तर हमखास.

कासारवडवली
हे डोक्यातच आलं नव्हतं. किती मिमी उरले असतील तर बदलायचे?

पाना_दहाचा
मागची लोखंडी पट्टी सोडून नुसतं मटेरियल मोजा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिमीचा. सकाळी ट्रॅकवर उतरताना ६ च्या खाली असेल तर उतरायचंच नाही, कारण मटेरियल पातळ झालं की उष्णता थेट पिस्टनकडे आणि ऑइलकडे जाते. परतीला ४ च्या खाली असेल तर बदला. कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलण्याआधी टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढा, नाहीतर वरून सांडतं.

तुर्भे_एमआयडीसी
आणि पिस्टन ढकलून पॅड बसवल्यावर, गाडी सुरू करण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पहिल्या दोन-तीन वेळा ते थेट खाली जातं.

कासारवडवली
नोंद केली. शनिवारी निपलवर तेल मारून सुरुवात करतो. वर्तकनगर किंवा वागळेच्या आसपास कोणाकडे डिस्कची जाडी मोजायला मायक्रोमीटर आहे का?

वागळे_२२
आहे. रविवारी सकाळी दहाला या. चाकं उघडलेली असतील तर निपलही बघून घेऊ. येताना रबरी टोप्या घेऊन या.